ग्रानोंचा हिशोब गॅलिबिएवरच झाला होता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२२ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा अकरावा टप्पा, आल्बेरव्हिल ते कोल दु ग्रानों, तुम्ही चौघांनी मिळून पुन्हा पाहिला आणि मध्यरात्रीपर्यंत वाद घातला. एकाचं म्हणणं, एकूण शर्यतीत आघाडीवर असलेल्या पोगाचारच्या पोटात काही राहिलं नव्हतं म्हणून तो शेवटच्या घाटात संपला. दुसऱ्याचं, विंगेगार्डच्या जंबो-विस्मा संघातल्या दोघांनी आलटून पालटून वार करून त्याला खिळखिळा केला. तिसरा म्हणतो डावपेच वगैरे काही नाही, त्या दिवशी टप्पा जिंकणाऱ्या विंगेगार्डचे पाय सरस होते, विषय संपला. यात कोण बरोबर, आणि मुळात चार-चार तासांचा टप्पा बघताना नजर ठेवायची कुठे?

मी तरुणपणी दहा-बारा वर्षं शर्यती केल्या, त्यात मुंबई-पुणे सहा वेळा. आता बरीच वर्षं पुण्यात पोरांना शिकवतो. दर जुलैत संध्याकाळी ती माझ्याकडे जमतात, कारण आपल्याकडे टप्पा साधारण रात्री नऊच्या सुमारास संपतो आणि शेवटचे दोन घाट नेमके जेवणाच्या वेळेला येतात. हा टप्पा मी त्यांना किती वेळा दाखवला असेल याची गणती नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी रस्ता डोळ्यांपुढे आणा. तो नीट दिसल्याशिवाय या टप्प्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. साधारण दीडशे किलोमीटरचा टप्पा. सुरुवातीला खोऱ्यातून सपाट, मग मोंव्हेर्निएची वळणं, तीन-साडेतीन किलोमीटरचा छोटा पण खडा चढ. मग तेलेग्राफ, जवळपास १२ किलोमीटर. तिथून थोडं उतरून वालोआर गाव लागतं आणि लगेच गॅलिबिए सुरू: १७.७ किलोमीटर, माथा २,६४२ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे गॅलिबिए त्याहून जवळजवळ एक किलोमीटर उंच. माथ्यावरून लोतारे खिंडीत उतरायचं, पुढे गीझान नदीच्या खोऱ्यातून खाली खाली जात राहायचं आणि मग डावीकडे वळून ग्रानों. ११.३ किलोमीटर, सरासरी चढ ९.२ टक्के, माथा २,४१३ मीटर. सिंहगड सायकलने चढलेल्यांसाठी सांगतो: सिंहगडाचा माथा ज्या उंचीवर आहे, जवळपास तिथून ग्रानोंचा पायथा सुरू होतो. २,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश असतो. तिथे एकदा दम गेला की परत येत नाही.

या नकाशात मी पोरांना सगळ्यात आधी बोट ठेवायला लावतो ते गॅलिबिएच्या माथ्यापासून ग्रानोंच्या पायथ्यापर्यंतच्या पट्ट्यावर. तीस किलोमीटरहून मोठा. नव्वद टक्के प्रेक्षक त्या वेळात चहा करायला उठतात. पण ज्याला तो पट्टा कळला त्याला पूर्ण टप्पा कळला.

आता शर्यतीची स्थिती. तादेई पोगाचार आधीच्या दोन्ही टूर जिंकलेला, या टूरमध्येही सहावा आणि सातवा टप्पा लागोपाठ मारलेला, अंगावर पिवळी जर्सी, जी एकूण वेळेत सगळ्यात पुढे असणाऱ्याला मिळते. योनास विंगेगार्ड त्याच्यापेक्षा ३९ सेकंद मागे. विंगेगार्डचा संघसहकारी प्रिमोझ रोग्लिच पाचव्या टप्प्यात पडला होता, खांदा निखळला होता, आणि एकूण वेळेत तो अडीच मिनिटांहून जास्त मागे होता. जंबो-विस्माची आठही माणसं शर्यतीत होती. पोगाचारच्या युएई संघातली दोन माणसं कोरोनामुळे घरी गेली होती, आणि राफाल मायका, घाटातला त्याचा सगळ्यात भरवशाचा गडी, चाचणीत पॉझिटिव्ह येऊनही संसर्गाचा धोका नाही म्हणून खेळत होता. आठ विरुद्ध सहा. हा आकडा लक्षात ठेवा, वादात लागणार आहे.

त्या दिवशी सकाळपासून जंबोने एकच गोष्ट केली: आपली माणसं पुढे पाठवली. वाउट व्हॅन आर्ट अगदी सुरुवातीलाच पुढे निसटला, क्रिस्तोफ लापोर्तही पुढच्या टोळीत गेला. टीव्हीवर हे बघताना नवख्याला वाटतं की टप्पा जिंकायला गेलेत. तसं नसतं. मोठ्या घाटांच्या दिवशी पुढे गेलेला सहकारी म्हणजे वाटेत ठेवलेली रसद. मागून आपला नायक आला की हा थांबणार, त्याला वाऱ्याआड घेणार आणि सपाटीवर ओढून नेणार. व्हॅन आर्टने गॅलिबिएपलीकडच्या खोऱ्यात नेमकं हेच केलं.

मग टप्प्याच्या शेवटाला साठएक किलोमीटर असताना, तेलेग्राफ संपून गॅलिबिएकडे जाताना खेळ सुरू झाला. रोग्लिच उठला, म्हणजे सीटवरून उठून एकदम वेगाने सुटला. पोगाचार त्याच्या मागे गेला. रोग्लिच थांबताच विंगेगार्ड उठला, पोगाचार त्याच्याही मागे गेला. पुन्हा रोग्लिच. पुन्हा विंगेगार्ड. एका क्षणी पुढे फक्त चौघे होते: हे तिघे आणि दुसऱ्याच संघाचा गेरेंट थॉमस. युएईचं एकही माणूस जवळ नाही.

हे चित्र मला बघवत नाही, कारण ते मी स्वतः भोगलंय. बोरघाटात, खोपोली सोडून वर चढताना, एका क्लबच्या दोन पोरांनी मला असंच मधे घेतलं होतं. एक सुटला की मी त्याचं व्हील पकडायचो, म्हणजे त्याच्या मागच्या चाकाला चिकटून वाऱ्याआड राहायचो, तो हळू झाला की दुसरा डावीकडून निघायचा. मला 'घाटाचा राजा' व्हायचं होतं. मुंबई-पुणे शर्यतीत घाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला हा किताब मिळतो, आणि त्या वयात तो मला पुण्याच्या अंतिम रेषेपेक्षा मोठा वाटायचा. प्रत्येक वेळी मी पकडलं. प्रत्येक वेळी वाटलं, बघा, मी दोघांना पुरून उरतोय. आणि खंडाळा दिसायला लागलं तेव्हा मांड्यांत एकदम रिकामं वाटलं. दुखलं असतं तर चाललं असतं, पण दुखणंही नव्हतं, पायाखाली पेडलच नाही असं वाटत होतं. तो किताब त्या दोघांतल्या एकाला गेला. माझे वस्ताद गाडीतून बघत होते. संध्याकाळी त्यांनी एकच विचारलं: "त्यांनी प्रत्येकी किती वेळा दम काढला? आणि तू किती वेळा?"

तुमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा हाच आहे आणि तो हिशोबाने खरा आहे. दोघं पाळीपाळीने वार करतात तेव्हा प्रत्येकाला निम्मे वार करावे लागतात. ज्याला दोघांना उत्तर द्यायचं आहे त्याला सगळेच्या सगळे भरावे लागतात. शिवाय असा झटका आणि एकसारखी गती यांत शरीराला फार फरक पडतो. आपल्या एक तास टिकणाऱ्या गतीच्या वर गेलं की स्नायूंतली साठवलेली साखर दुपटी-तिपटीने जळते. ती साठवण सगळी मिळून चार-पाचशे ग्रॅमची. वरून हे लोक तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं जेल आणि पेयांतून घेतात, त्याहून जास्त पोट स्वीकारत नाही. म्हणजे झटक्यांत गेलेली साखर त्याच दिवशी भरून निघत नाही.

इथेच तुमचा पहिला मित्रही बरोबर ठरतो. 'खाणं कमी पडलं' आणि 'वार जास्त झाले' ही दोन वेगळी कारणं नाहीत. एकाच डब्याला वरून कमी येतंय आणि खालून जास्त जातंय, एवढंच. त्यात एक बारीक गोष्ट आहे. सतत कोणीतरी सुटत असताना खिशात हात घालायला फुरसतच मिळत नाही. श्वास इतका चढलेला असतो की जेल तोंडात धरून ठेवावी लागते, गिळता येत नाही. आणि पोगाचारच्या शेजारी त्या वेळी संघातलं कोणी नव्हतं जो मागे गाडीकडे जाऊन बाटली घेऊन येईल. माणसं कमी असण्याचा तोटा वाऱ्यात दिसतो, तसा पोटातही दिसतो. त्याने नेमकं किती खाल्लं यावर मी पैज लावणार नाही, तुम्हीही लावू नका. पण खाणं अवघड जावं अशी परिस्थिती पद्धतशीर घडवली गेली होती, हे पडद्यावर स्पष्ट दिसतं.

आता माझं मत, आणि यावर माझ्या पोरांपैकी निम्मी माझ्याशी भांडतात. रोग्लिचच्या मागे जाणं ही पोगाचारची मोठी चूक नव्हती. लोक निकाल बघून म्हणतात, रोग्लिच अडीच मिनिटं मागे, खांदा दुखावलेला, त्याला जाऊ द्यायचं. पण त्या क्षणी पोगाचारच्या जागी उभे राहा. रोग्लिच गॅलिबिए ओलांडून गेला, पलीकडे खोऱ्यात त्याला व्हॅन आर्ट भेटला आणि त्या तीस किलोमीटरांत दोन मिनिटं वाढली, तर पिवळ्या जर्सीचा पाठलाग एकट्याने करायचा आणि विंगेगार्ड मागे आरामात व्हीलवर बसणार. जाऊ द्यावं तरी मार, पकडावं तरी मार. जंबोने लावलेला सापळा उत्तम होता तो यासाठी.

माझ्या लेखी चूक पुढे आहे, गॅलिबिएच्या वरच्या भागात. तिथे पोगाचारने स्वतः वेग वाढवला. एकेक करून सगळे सुटले, फक्त विंगेगार्ड मागे टिकला, आणि दोघेच माथ्यावर पोचले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मीही त्या संध्याकाळी खुर्चीतून उठलो होतो, खोटं कशाला बोलू. पण पुढे काय होतं? तोच तीस किलोमीटरचा पट्टा, ज्यात गोळा होऊन मागचे सगळे येणार होतेच आणि आलेच. म्हणजे तो वेग यशस्वी झाला असता, अगदी विंगेगार्डही दहा-वीस सेकंद मागे पडला असता, तरी हाती काही लागलं नसतं. विंगेगार्डला खाली त्याची माणसं मिळाली असती, पोगाचारला नाही. हे निकाल न बघताही, त्या क्षणी नकाशा बघून सांगता येत होतं. माझी एक शिष्या म्हणते की प्रतिस्पर्ध्याला चाचपून बघणं हीसुद्धा कमाई असते, आणि आधीच्या दहा दिवसांत प्रत्येक वेळी तोच सरस ठरला होता, मग का नाही चाचपायचं? तिच्या बोलण्यात तथ्य आहे. पण २,५०० मीटरवर, पुढे आणखी एक खडा घाट शिल्लक असताना, चाचपणीची किंमत फार मोठी असते.

आता पुरावा सांगतो, जो मला वाटतं तुमच्यापैकी कोणी काढला नसेल. शेवटची यादी बघा. विंगेगार्ड पहिला, नायरो किंताना ५९ सेकंदांनी दुसरा, रोमँ बार्दे तिसरा, मग थॉमस १ मिनिट ३८ सेकंदांनी चौथा, मग गोदू, अॅडम येट्स, आणि पोगाचार सातवा, २ मिनिटं ५१ सेकंदांनी. यातला थॉमस बघा. गॅलिबिएवर तो त्या चौघांत होता. वेग वाढला तसा तो शांतपणे सुटला, आपल्या गतीने चढत राहिला, खाली खोऱ्यात परत येऊन मिळाला. वय ३६. निव्वळ पायांच्या ताकदीत तो पोगाचारच्या आसपासही नव्हता. आणि ग्रानोंवर तो पोगाचारपेक्षा मिनिटाहून जास्त आधी पोचला. ज्यांनी झटके घेतले नाहीत असे पाच जण पिवळ्या जर्सीच्या पुढे गेले. नुसते 'विंगेगार्डचे पाय सरस' असते तर पोगाचार दुसरा आला असता. म्हणून तुमच्या तिसऱ्या मित्राचं म्हणणं मी अपुरं मानतो. विंगेगार्ड का जिंकला याला ते उत्तर आहे, कारण त्यानेही बरेच वार केले आणि सोसले, तरी तो टिकला. पोगाचार सातवा का आला याला ते उत्तर नाही.

पण मग हे ग्रानोंवरच का उघडं पडलं, आधी का नाही? कारण खोऱ्यात ताशी चाळीसच्या वर जाताना दुसऱ्याच्या मागे बसलं की साधारण तिसरा हिस्सा मेहनत वाचते. थकलेला माणूस तिथे लपू शकतो. नऊ टक्क्यांच्या चढावर वेग विशीच्या खाली येतो, वाऱ्याचा आडोसा जवळपास निरुपयोगी होतो आणि प्रत्येकाला आपलं वजन आपणच उचलावं लागतं. खोऱ्यात पोगाचार निवांत दिसत होता, कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. समालोचक त्यावरून म्हणत होते की काळजीचं कारण नाही. चेहऱ्यावर जाऊ नका. खांदे बघा, पेडल मारण्याची लय बघा, आणि जर्सीची चेन बघा. ग्रानोंवर मागून परत येऊन मिळालेला मायका त्याला ओढत होता तेव्हा पोगाचारची जर्सी पुढून पूर्ण उघडी होती, दोन्ही बाजू फडफडत होत्या. विंगेगार्डने शेवटच्या पाचएक किलोमीटरांत वार केला तेव्हा पोगाचार जागचा उठलाच नाही. दिवसभर प्रत्येक झटक्याला उत्तर देणारा माणूस एकदाही उठला नाही. दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद त्या एवढ्याशा अंतरात गेले, किलोमीटरमागे अर्ध्या मिनिटाहून जास्त. शेवटचा भाग पुन्हा लावा आणि आवाज बंद करून फक्त हे पाहा.

बघायचं कसं, हे यातूनच निघतं, पण दोन-तीन गोष्टी सुट्या सांगतो. मी टप्पा सुरू होण्याआधी वहीच्या पानावर घाटांचा आलेख पेन्सिलीने काढतो आणि दोन घाटांमधला रस्ता ठळक करतो, उतार आहे की सपाट, किती लांब. मग दर अर्ध्या तासाने लिहितो: पुढे कोणाची माणसं, पिवळ्या जर्सीबरोबर किती, वाऱ्यात कोण. एवढंच. वॉट आणि किलोच्या, म्हणजे कोणी किलोमागे किती ताकद लावली याच्या, अंदाजांत मी पोरांना फार रमू देत नाही. ते आकडे वेळ, चढ आणि गृहीत धरलेलं वजन यांवरून बाहेर बसून काढलेले असतात, वारा थोडा बदलला तरी इकडचे तिकडे होतात. आणि वाद घालताना एकच नियम पाळायला लावतो: जो म्हणेल 'त्याने असं करायला हवं होतं', त्याने त्या किलोमीटरला त्या खेळाडूला काय काय ठाऊक होतं ते आधी सांगायचं. या नियमाने आमचे निम्मे वाद तिथेच मिटतात, आणि उरलेले खरे रंगतात. कोणी जिंकलं की लगेच औषधांचा संशय काढण्याचीही सवय असते काहींना. पुरावा नसेल तर मी तो विषय थांबवतो.

रोग्लिचबद्दल एक सांगावंसं वाटतं. २०२० मध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी, ला प्लांश दे बेल फीयच्या वेळेविरुद्धच्या शर्यतीत, याच पोगाचारने त्याच्या अंगावरची पिवळी जर्सी काढून घेतली होती. दोन वर्षांनी गॅलिबिएवर दुखऱ्या खांद्याने तो वार करत होता, स्वतःसाठी नाही. त्या दिवशी तो विजेत्याच्या दहा मिनिटांहून जास्त मागे आला आणि पंधराव्या टप्प्याला उतरूही शकला नाही. विंगेगार्डने पुढे ती टूर २ मिनिटं ४३ सेकंदांनी जिंकली. त्यातला ग्रानोंचा वाटा तुम्हीच बघा. निकालाच्या यादीत रोग्लिचची ती साठ किलोमीटर कुठेच दिसत नाहीत, म्हणून टप्पा पूर्ण बघायचा.

ग्रानोंवर टूर त्याआधी एकदाच गेली होती, १९८६ मध्ये. त्या दिवशी बर्नार इनोने पिवळी जर्सी गमावली, ग्रेग लमाँडला गेली, आणि इनोच्या अंगावर ती पुन्हा कधीच आली नाही.

आता पुढचा वाद कशावर घालायचा तेही सांगतो. २०११ चा अठरावा टप्पा लावा, शेवट गॅलिबिएच्या माथ्यावर. अँडी श्लेकने इझोआर घाटातच, शेवटाला साठएक किलोमीटर असताना, वार केला. त्याचे सहकारी आधीच पुढे गेलेले, खोऱ्यात त्यांनी त्याला ओढलं. म्हणजे जंबोचाच डाव, अकरा वर्षं आधीचा. त्याचा फायदा चार मिनिटांच्या वर गेला. मागे घोळक्यात कॅडेल इव्हान्सकडे बघा. तो झटक्याने उठत नाही. मागे वळून मदत मागतो, कोणी पुढे येत नाही, मग तोंड उघडं टाकून, हँडलच्या टोकांवर हात ठेवून, एकाच गतीने पूर्ण घोळका माथ्यापर्यंत स्वतः ओढतो. हरला, पण फक्त २ मिनिटं १५ सेकंदांनी. दोन दिवसांनी ग्रनोब्लच्या वेळेविरुद्धच्या शर्यतीत त्याने ते सगळे सेकंद श्लेककडून परत घेतले आणि टूर जिंकली. इव्हान्सने सुरुवातीलाच श्लेकच्या मागे जायला हवं होतं का? माझं उत्तर माझ्याकडे आहे. तुमच्या चौघांचं काय ठरतं ते आधी कळवा, आणि लोतारेच्या खिंडीपर्यंत त्याच्याजवळ किती माणसं होती ते मोजून लिहा.